अथेन्सचे हिशेब, तुकड्यातुकड्यांत

मला ग्रीक पुतळ्यांपेक्षा ग्रीक हिशेब जास्त जवळचे वाटतात. माझा पेशा ऑडिटचा. लोकांच्या किर्द-खतावण्या, व्हाउचरं आणि बँकेची पासबुकं तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सचं सरकार आपले जमाखर्च संगमरवरात कोरून भर रस्त्यात, देवळाच्या आवारात उभे करत असे, हे जेव्हा पहिल्यांदा वाचलं, तेव्हा राहवेना. संध्याकाळी काम आटोपलं की जुनी ग्रीक लिपी गिरवायला बसू लागले. अक्षरांच्या आधी आकडे शिकले, कारण मला तेच वाचायचे होते.

अथेन्समध्ये राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्याच इमारतीत, दक्षिणेच्या बाजूला एक वेगळं संग्रहालय आहे: शिलालेखांचं. 1885 साली ते स्थापन झालं. आत जायचं ते तोसित्सा रस्त्यावरून. मुख्य इमारतीत मायसीनीचे सोन्याचे मुखवटे पाहायला रांगा असतात, इकडे मात्र दालनभर दगड आणि तुमची पावलं. भिंतीला टेकून ठेवलेले, कप्प्यांत रचलेले, तळहाताएवढ्यापासून माणसाहून उंच असे दगड. बहुतेक सगळे फुटके. मी तिथे पहिल्यांदा गेले ती एका विशिष्ट दगडासाठी, आणि तो दिसल्यावर बराच वेळ दुसरीकडे गेलेच नाही.

हा दगड म्हणजे अथेन्सच्या खंडणीच्या यादीचा पहिला शिलापट. उंची साडेतीन मीटरपेक्षा जास्त, रुंदी मीटरभराहून थोडी अधिक, आणि चारही बाजूंना कोरलेला. आज उभा दिसतो तो सुमारे 180 तुकडे जुळवून, मधल्या रिकाम्या जागा भरून काढून. पर्शियाविरुद्ध एकत्र आलेल्या ग्रीक नगरांनी एक सामाईक खजिना डेलोस बेटावर ठेवला होता. इ.स.पू. 454 मध्ये तो अथेन्सला हलवला गेला, आणि तेव्हापासून दरवर्षी जमा होणाऱ्या रकमेतला साठावा हिस्सा अथीना देवीला काढून ठेवायची पद्धत पडली. दगडावर कोरलाय तो हा देवीचा हिस्सा, नगरवार. पहिल्या यादीचा मथळा बराच फुटलाय, पण त्यातून जे हाती लागतं त्यात हिशेब तपासणाऱ्या तीस जणांचा उल्लेख आहे आणि दरही दिलाय: टॅलंटमागे एक मिना. माझ्या पेशातल्या माणसांचा उल्लेख इतक्या जुन्या दगडावर, तेही पहिल्याच ओळींत! तिथे उभी असताना अंगावर काटा आला, हे मोकळेपणाने सांगते.

आता गणित बघा. एक टॅलंट म्हणजे साठ मिना, एक मिना म्हणजे शंभर द्राख्मा. यादीत एखाद्या नगरापुढे 100 द्राख्मा दिसले तर त्या नगराने 6,000 द्राख्मा, म्हणजे एक टॅलंट भरला. साठने गुणायचं, बस्स. एजायना बेटापुढे 3,000 आहेत, म्हणजे तीस टॅलंट. थासोस बेट आधी तीन टॅलंट देत होतं आणि पुढे त्याचा आकडा तीसवर गेला. असा दहापट फरक कुठल्याही खात्यात दिसला तर मी पेन्सिल खाली ठेवून विचारते, मधे काय झालं? इतिहासकारांनीही तेच विचारलं, आणि या एका बेटाच्या दोन आकड्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय.

आकडे लिहायची रीत सोपी आहे. हजाराला Χ, शंभराला Η, दहाला Δ, पाचाला Π, अशी त्या त्या संख्येच्या नावाची आद्याक्षरं, आणि ती मोजून बेरीज करायची. यादीत आकड्यांचा रकाना डावीकडे अरुंद, उजवीकडे नगराचं नाव. त्यामुळे दगड कुठून फुटला यावर काय उरलं हे ठरतं. डावी कड गेली तर देणाऱ्याचं नाव आहे आणि रक्कम नाही. उजवी गेली तर रक्कम आहे, कोणाची ते माहीत नाही. पहिल्या शिलापटावर पंधरा वर्षांचा हिशेब अपेक्षित आहे, पण यादी चौदाच वर्षांच्या धरतात. त्या एका वर्षी खंडणी गोळाच झाली नाही, की यादी कोरली नाही, की शिलापटाच्या डोक्यावर आणखी एक दगड होता आणि ती यादी त्याच्यावर होती? या प्रश्नावर विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या अभ्यासकांनी एकमेकांविरुद्ध लेखांमागून लेख लिहिले. शिलापटाच्या वरच्या पृष्ठभागावर काय खुणा आहेत, तिथे दुसरा दगड बसत होता का, इथपर्यंत तपासणी झाली. एका गहाळ पानासाठी एवढा आटापिटा मला अगदी रास्त वाटतो.

हे सगळे तुकडे एका जागी सापडले नाहीत. बरेचसे अ‍ॅक्रोपोलिसवर, काही त्या टेकडीच्या उतारावर, काही खाली अगोरात, म्हणजे शहराच्या मुख्य बाजारचौकात. संगमरवराचं पुढच्या काळात काय होतं, ते कळल्यावर जे उरलं त्याचंच नवल वाटतं. लेख जुना झाला, राज्य बदललं, की तो दगड बांधकामाचा माल झाला. कुणी उंबऱ्याला लावला, कुणी विहिरीच्या तोंडाशी, कुणी भिंतीत चिणला. चुन्याच्या भट्टीत गेला तो कायमचा गेला. इ.स. 267 मध्ये हेरुली टोळ्यांनी अथेन्स उद्ध्वस्त केल्यावर शहराने घाईघाईने जी तटबंदी उभारली, ती पडक्या इमारतींच्याच दगडांची. खांबांचे तुकडे, पुतळ्यांच्या बैठका, कोरीव लेख, सगळं त्या भिंतीत. त्या पडझडीनेच ते राखलं, असंही म्हणता येईल.

अगोराचं पद्धतशीर उत्खनन अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज या संस्थेने 1931 साली सुरू केलं. तोवर त्या जागेवर व्रिसाकी नावाची दाट वस्ती होती. घरं विकत घेऊन पाडली गेली, आणि पाडतानाच त्यांच्या भिंतींतून लेख निघायला लागले. इथे सापडलेल्या प्रत्येक लेखाला क्रमांक मिळतो, आणि तो आकडा आता साडेसात हजारांच्या वर गेलाय. त्यातले कित्येक चार-पाच अक्षरांचे. पण या नोंदवहीची शिस्त बघून मी थक्क झाले: कुठल्या खड्ड्यात, कुठल्या थरात, कशाबरोबर सापडला, उंची-रुंदी-जाडी, कुठली कड मूळची आणि कुठली तुटकी. हे लिहिलेलं नसेल तर दगड नुसता दगड आहे.

अगोरातले मला विशेष आवडणारे दोन लेख हिशेबाचे नाहीत, तरी सांगते. एक सीमेचा दगड, इ.स.पू. 500 च्या आसपासचा. तो स्वतःच बोलतो: मी अगोराची हद्द आहे. जिथे रोवला होता तिथेच सापडला, सायमन नावाच्या चर्मकाराच्या घराशेजारी. दुसरा पँटेनोसच्या ग्रंथालयाचा, साधारण इ.स. 100 चा. पुस्तक बाहेर नेता येणार नाही, आम्ही तशी शपथ घेतली आहे, आणि ग्रंथालय पहिल्या तासापासून सहाव्या तासापर्यंत उघडं राहील. एवढंच. नियम कसा लिहावा याचा मी पाहिलेला हा सर्वांत नेटका नमुना.

आता तुकडा तुकड्याला कसा जुळतो, ते. याचं मला सर्वांत जास्त कुतूहल होतं.

पहिलं म्हणजे दगडाची जात. पेंटेली डोंगराचा संगमरवर पांढरा, त्यातल्या लोहामुळे कालांतराने किंचित सोनेरी झाक येणारा, आणि अभ्रकाच्या थरांवरून फुटणारा. हिमेटसचा निळसर करडा. मग जाडी, आणि पाठ. पाठीवर कुठल्या हत्याराने घासलंय, खडबडीत ठेवलंय की गुळगुळीत केलंय. पुढून अजिबात न जुळणारे वाटणारे दोन तुकडे पाठीच्या खुणांवरून एका शिलापटाचे ठरतात. त्यानंतर अक्षरं. स्टीफन ट्रेसी या अभ्यासकाने अथेन्समधल्या एकेका कोरणाऱ्याचा हात ओळखायची पद्धत बसवली: हा ओमेगा असा उघडा ठेवतो, तो आडव्या रेषा जोडतच नाही. त्या कारागिरांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, पण त्यांचा हात ओळखता येतो, आणि हात ओळखला की तुकड्याचं वय काही दशकांच्या आत आणता येतं. सह्या पडताळण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला यात किती मेहनत आहे हे लगेच कळेल.

पण खरी मदत करते ती ‘स्तोइखेदोन’ मांडणी. पाचव्या आणि चौथ्या शतकातले पुष्कळसे सरकारी लेख चौकटीच्या वहीत लिहावं तसे आहेत. प्रत्येक अक्षराला एक घर, ओळींखाली ओळी, घराखाली घर. शब्द तोडायला जागा नाही, विरामचिन्ह नाही. एका ओळीत किती घरं आहेत हे एकदा कळलं की फुटलेल्या ओळीत नेमकी किती अक्षरं गेली हे मोजता येतं. मग नेहमीचे साचेबद्ध मजकूर, म्हणजे अमक्याच्या कारकिर्दीत, अमका चिटणीस असताना, नागरिकांच्या सभेने ठरवलं की, हे त्या घरांत बसतात का ते बघायचं. एक अक्षर जास्त झालं तरी तो पर्याय बाद.

दगड उचलून नेता येत नाही, म्हणून त्याचा ठसा घेतात. एका कार्यशाळेत सरावाच्या दगडावर मीही तो घेतला. दगड स्वच्छ धुवायचा, जाड गाळणकागद भिजवून त्याच्यावर पसरायचा आणि राठ केसांच्या ब्रशाने मधून कडेकडे ठोकत न्यायचं, म्हणजे आतली हवा निघून जाते आणि कागद प्रत्येक खाचेत बसतो. वाळेपर्यंत थांबायचं. मग अलगद सोलून घ्यायचा. मागच्या बाजूने बघितलं की अक्षरं उठावाने दिसतात, उलटी, आणि तिरप्या उजेडात धरली की डोळ्यांना न दिसलेल्या रेषाही उभ्या राहतात. प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये असे सुमारे 30,000 ठसे जपून ठेवलेत. खंडणीच्या याद्यांवर वर्षानुवर्षं काम करणारे बेंजामिन मेरिट तिथलेच. कागद वजनाला हलका असतो, त्यामुळे अथेन्समधला तुकडा आणि दुसऱ्या देशातला तुकडा एका टेबलावर शेजारी ठेवता येतात.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती. छापील पाठात चौकोनी कंस असतात. कंसाच्या बाहेर आहे ते दगडावर आहे. कंसाच्या आत आहे ते संपादकाने भरलेलं. अक्षराखाली टिंब असेल तर ते अक्षर अर्धवट दिसतं, दुसरंही असू शकतं. 1931 मध्ये लायडनला जमलेल्या अभ्यासकांनी या खुणा ठरवल्या आणि आजही त्याच चालतात. प्रत्यक्ष पुरावा आणि अंदाज यांची इतकी स्वच्छ फारकत मी फार थोड्या ताळेबंदांत बघितली आहे. अडचण अशी की पाठ भाषांतरात गेला, भाषांतर पाठ्यपुस्तकात गेलं की कंस गळून पडतात. अंदाज पुरावा म्हणून फिरू लागतो. कंस जपणं हे मी विद्वानांची हौस मानत नाही, तो प्रामाणिकपणाचा भाग आहे.

सेगेस्ताच्या कराराचंच घ्या. सेगेस्ता हे सिसिलीतलं नगर. अथेन्सने त्याच्याशी केलेल्या कराराचा शिलालेख आहे, पण पृष्ठभाग अतोनात झिजलेला. त्या वर्षीच्या मुख्य अधिकाऱ्याच्या नावाची शेवटची दोन अक्षरं तेवढी स्पष्ट: ΟΝ. अथेन्समध्ये वर्ष त्या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखलं जाई, म्हणून त्यावरून वर्ष ठरवायचं. बराच काळ तिथे हाब्रोन हे नाव भरलं जाई, म्हणजे इ.स.पू. 458/7 (अथेन्सचं वर्ष उन्हाळ्यात सुरू होई, म्हणून दोन आकडे). त्याला आधार होता लेखातल्या सिग्मा अक्षराचा. तीन रेघांचा जुना सिग्मा इ.स.पू. 446 च्या सुमारानंतर सरकारी लेखांत येत नाही, असा नियम मानला जाई. हॅरल्ड मॅटिंग्ली यांनी 1961 पासून या नियमालाच आव्हान दिलं. अक्षराच्या वळणावर एवढी मोठी इमारत उभारू नका, हा करार 418/7 चा आहे, अधिकारी अँटिफोन आहे, असं ते सांगत राहिले. तीसेक वर्षं बहुतेकांनी ऐकलं नाही. 1990 मध्ये लेझरचा उजेड आणि प्रतिमा स्पष्ट करण्याचं तंत्र वापरून दगड पुन्हा वाचला गेला आणि अँटिफोनचं नाव पुढे आलं. आता बहुतेक अभ्यासक तेच मानतात. चाळीस वर्षांचा फरक, आणि त्याबरोबर इतर कित्येक लेखांच्या तारखाही हलल्या.

याने फरक काय पडतो? खूप पडतो. इ.स.पू. 415 मध्ये अथेन्सने सिसिलीवर जी प्रचंड मोहीम काढली, तिला निमंत्रण याच सेगेस्ताचं. त्या काळचा इतिहासकार थुसिडिडीस याने ती हकिकत दिली आहे. पैसे आहेत का हे बघायला अथेन्सचे दूत गेले, तेव्हा सेगेस्ताच्या लोकांनी त्यांना घरोघरी मेजवान्या दिल्या, आणि सोन्या-चांदीची तीच भांडी, शेजारच्या नगरांतूनही मागून आणलेली, एका घरातून दुसऱ्या घरात फिरवली. दूत भारावून परतले. साठ जहाजांचा एका महिन्याचा खर्च म्हणून साठ टॅलंट चांदी आणली गेली. मोहीम पोचल्यावर कळलं की आणखी तीसच टॅलंट शिल्लक आहेत. ज्या नगरात तीस हिशेबनीस देवीच्या हिश्शाची पै न् पै तपासत होते, त्याच नगराने सगळ्यात मोठ्या खर्चाआधी दुसऱ्याच्या घरातली मालमत्ता ताडून पाहिली नाही. ही हकिकत मी नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना नेहमी सांगते.

त्याच मोहिमेच्या तोंडावर एका रात्रीत अथेन्समधल्या हर्मीस देवाच्या दगडी स्तंभांची कुणीतरी मोडतोड केली. चौकशीत एल्युसिसच्या गुप्त विधींची विटंबना केल्याचे आरोपही पुढे आले. मोहिमेचा एक सेनापती अल्किबियाडीस याच्यासह अनेकजण दोषी ठरले आणि त्यांची मालमत्ता जप्त होऊन लिलावात गेली. त्या लिलावाचा हिशेब संगमरवरी शिलापटांवर कोरून एल्युसिनियन मंदिराच्या आवारात उभा केला होता. अगोराच्या उत्खननात याचे अनेक तुकडे त्याच परिसरात सापडले आणि केंड्रिक प्रिचेट यांनी 1953 मध्ये पाठ प्रसिद्ध केला. जमिनी, घरं, भांडी, मिलेटसच्या घडणीचे पलंग. आणि माणसं.

पिरेयस बंदरात राहणारा केफिसोदोरोस नावाचा एक परदेशी रहिवासी होता. त्याच्या गुलामांची यादी एका तुकड्यावर जवळजवळ सलग वाचता येते. डावीकडे विक्रीचा कर, मग किंमत, मग माणूस. थ्रेसची बाई 165 द्राख्मा. थ्रेसची बाई 135. थ्रेसचा पुरुष 170. सीरियाचा पुरुष 240. कारियाचा पुरुष 105. इलिरियाचा 161. थ्रेसची बाई 220. पुढे सिथियाचा, कोल्खिसचा, पुन्हा इलिरियाचा. कारियाचा मुलगा 174. कारियाचं लहान मूल 72. सीरियाचा आणखी एक पुरुष 301, सर्वांत महाग. लिडियाची बाई 85 द्राख्मा 1 ओबोल (ओबोल म्हणजे द्राख्माचा सहावा भाग). एकूण सोळा माणसं. मी बेरीज केली: 2,512 द्राख्मा आणि 1 ओबोल. सरासरी 157 च्या आसपास. एकाचंही नाव नाही. मुलूख, बाई की पुरुष, आणि रक्कम. कर मात्र दरेकाचा वेगळा, ओबोलपर्यंत काटेकोर.

बेरीज जुळली की मला नेहमी बरं वाटतं. या यादीची बेरीज करताना तसं वाटलं नाही, आणि वाटू नयेच. हिशेब अचूक आहे, उघड आहे, तपासलेला आहे, आणि त्यात जे चाललंय ते भयंकर आहे. दोन्ही एकाच दगडावर.

याच्या शेजारी मी नेहमी दुसरा एक हिशेब ठेवून वाचते. अ‍ॅक्रोपोलिसवरच्या इरेक्थियन मंदिराच्या बांधकामाचे जमाखर्च, इ.स.पू. 409 च्या पुढचे, तेही तुकड्यांत. खांबांवर पन्हळी कोरणाऱ्या कारागिरांची मजुरी त्यात आहे, आणि तिथे गुलामांची नावं आहेत: सिमियासचा सिंद्रोन, सिमियासचा सोसांद्रोस. धनी सिमियास स्वतःही त्याच खांबावर काम करतोय. रोजाचा दर साधारण एक द्राख्मा, नागरिकाला, परदेशी रहिवाशाला आणि गुलामाला सारखाच. गुलामाचा पैसा बहुधा धन्याच्या हातात जात असे, पण रोजंदारीच्या वहीत तो नावानिशी आहे. या दराने कारियाच्या त्या लहान मुलाची किंमत बहात्तर दिवसांची मजुरी होते. पन्हळी कोरणाऱ्या माणसाचे अडीच महिनेसुद्धा नाहीत.

कुणाला मूळ पाठ बघायचे असतील तर ‘अ‍ॅटिक इन्स्क्रिप्शन्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर अथेन्सच्या पुष्कळ शिलालेखांची इंग्रजी भाषांतरं टिपांसह मोफत आहेत. अथेन्सला गेलात तर अगोरातलं अत्तालोसच्या स्तोआमधलं, म्हणजे खांबांच्या लांब ओसरीच्या इमारतीतलं, संग्रहालय बघाच. ही इमारत 1953 ते 1956 मध्ये जुन्या पायावर पुन्हा बांधलेली आहे. पण एक सकाळ तोसित्सा रस्त्यासाठी राखून ठेवा. ग्रीक येत नसलं तरी चालेल, आकड्यांची पाच-सहा अक्षरं जाताना शिकून जा. खंडणीच्या शिलापटापुढे उभं राहून डावा रकाना वाचायला तेवढी पुरतात.